मिलमची वाट आणि मुनस्यारीतली खोली

१८५८ साली मिलम गावच्या शाळेत नैनसिंह रावत नावाचे एक तरुण हेडमास्तर रुजू झाले. गाव त्यांचंच. उत्तराखंडात, कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातलं, गोरी गंगेच्या उगमाजवळचं, तिबेटच्या वाटेवरचं शेवटचं मोठं गाव. काही वर्षं त्यांनी तिथे पोरं शिकवली. १८६३ मध्ये ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने तिबेटच्या गुप्त मोजणीसाठी त्यांना डेहराडूनला बोलावून घेतलं, आणि त्यापुढची हकीकत बऱ्याच ट्रेकर मंडळींना तोंडपाठ असते. अंगावर व्यापाऱ्याचा वेश, हातात १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, शंभर पावलं झाली की एक मणी पुढे, नोंदी प्रार्थनाचक्रात दडवलेल्या. असे चालत ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. पाणी किती तापमानाला उकळतं ते पाहून त्यांनी ल्हासाची उंची काढली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, २००४ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

माझं मन मात्र त्या आधीच्या वर्षांतच अडकून राहिलं. पुढे ल्हासापर्यंत पावलं मोजत गेलेला माणूस त्याआधी गावातल्या मुलांना अक्षरओळख आणि पाढे शिकवत होता. ती मुलं व्यापाऱ्यांची. बाप उन्हाळ्यात तिबेटात, हिवाळ्यात खालच्या जत्रांमध्ये, आणि सगळं घर वर्षातून दोनदा गुरामेंढरांसकट हलणार. अशा गावात शाळा धरायची, मुलं टिकवायची, याला काय लागत असेल? मिलमला चालत जायचं ठरलं, आणि त्या निमित्ताने तिथल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे ठरलं, तेव्हा डोक्यात हाच प्रश्न होता.

योजना साधी होती. नातेवाईक, ऑफिसातली माणसं, सह्याद्रीत बरोबर भटकणारे मित्रमैत्रिणी, यांच्यापैकी प्रत्येकाने किलोमीटरमागे एक रक्कम कबूल करायची. आम्ही मुनस्यारी ते मिलम जाऊन परत यायचं. कुणी किलोमीटरला शंभर रुपये म्हणालं, माझ्या आत्याने दहा सांगितले आणि जायच्या आदल्या दिवशीच रोख आणून दिले. पैसे कशावर खर्च करायचे हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं. तिथे जायचं, विचारायचं, मग ठरवायचं. हे काहींना पटलं नाही. त्यांना दप्तरं, वह्या, बूट अशी यादी हवी होती आणि वाटप करतानाचे फोटो हवे होते. यावर आमच्यात चांगलीच वादावादी झाली. माझं म्हणणं इतकंच होतं की पुण्यात बसून आपण जी यादी करू ती आपल्याला द्यायला सोपी असलेल्या वस्तूंची असेल.

मुनस्यारी साधारण २,२०० मीटरवर आहे. सकाळी ढग हटले की समोर पंचचूलीची पाच शिखरं एका ओळीत उभी राहतात. 'सार संसार, एक मुनस्यार' असं तिथले लोक म्हणतात आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा चढतो. एका निवृत्त शिक्षकाने, डॉ. शेरसिंह पांगती यांनी, तिथे जोहारच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं आहे. लाकडी भांडी, थुलमे म्हणजे लोकरीची जाड पांघरुणं, मापं, जुनी छायाचित्रं. वर जाण्याआधी तिथे एखादा तास काढावाच, कारण नंतर वाटेवर दिसणाऱ्या पडक्या भिंतींच्या आत काय काय होतं ते तिथे कळतं.

तहसिलातून इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायचा परवाना, काढला आणि निघालो. सप्टेंबर संपत आला होता. पावसाने धुतलेली वाट, जागोजागी कोसळलेल्या दरडी, खाली गोरी गंगा. राखाडी, दुधाळ पाण्याची ही नदी इतका आवाज करते की लीलमच्या पुढे दरी अरुंद झाल्यावर शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. बुगडियारच्या आसपास वाट काही ठिकाणी सरळ कड्यात खोदलेली आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नदी. मुनस्यारीहून मिलमपर्यंत मोटाररस्ता नेण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे, सुरुंगाचे आवाज अधूनमधून येतात. रस्ता झाला की आपल्यासारख्यांची वाट जाईल म्हणून हळहळणारे ट्रेकर मी पाहिले आहेत. बाळंतपणासाठी बाईला याच वाटेवरून खाली न्यावं लागतं हे ज्याने पाहिलं, तो असं म्हणणार नाही.

बुगडियारच्या वर आम्हाला कळप भेटला. हिवाळ्यासाठी खाली चाललेल्या शेकडो मेंढ्या आणि बकऱ्या, पुढेमागे केसाळ भोटिया कुत्री, आणि त्यांना हाकणारे अणवाल. अणवाल म्हणजे दुसऱ्यांची जनावरं चारणारे मेंढपाळ. आम्ही कड्याला पाठ टेकून उभे राहिलो आणि कळप पुढून जाऊ दिला. काही तगड्या बकऱ्यांच्या पाठीवर करबच होते. बकरीच्या लोकरीचा घट्ट विणलेला जोडपिशवा, दोन्ही कुशींवर सारखा भार येईल असा, पोटाखालून आणि शेपटीखालून दोरीने बांधलेला. एका अणवालाने थांबून एकीची दोरी सैल केली, बोटं आत घालून कातडी सोलवटली आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा गाठ मारली. माल किती भरता, असं विचारलं तर म्हणाला, "आठ-दस किलो, दिदी. पहले इसी में नमक आता था. अब हमारा राशन जाता है."

त्या पिशव्यातून जोहारचा सगळा संसार चालायचा. इथून धान्य, गूळ, कापड, तंबाखू, भांडी वर जायची. तिबेटातून मीठ, टाकणखार आणि लोकर खाली यायची. मिलमच्या पुढे ऊंटा धुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी अशा तीन खिंडी एकामागून एक, पाच हजार मीटरच्या वरच्या. मधे गवत नाही, जळण नाही, म्हणून जनावरं थांबवायची सोय नाही. त्या ओलांडून तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजारात पोचायचं. हे सगळं शौका लोक, म्हणजे जोहारचे भोटिया व्यापारी, पिढ्यानपिढ्या करत होते. भारत आणि चीनमधल्या १९५४ च्या करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी ज्या सहा खिंडींची नावं आहेत त्यांत कुंगरी बिंगरी आहे. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली, ऑक्टोबरात युद्ध झालं आणि वाट बंद पडली. पूर्वेकडच्या लिपुलेखमधून १९९२ मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला. जोहारच्या वाट्याला ते आलं नाही.

आम्ही जुन्नरकडचे भटके नाणेघाटात नेहमी जातो. तिथला दगडी रांजण पाहतो, सातवाहनांचा लेख पाहतो, पण तिथे जकात भरलेला माणूस काही भेटत नाही. इथे भेटतो. मार्तोलीच्या पुढे बुर्फूत एक बुबू भेटले. बुबू म्हणजे आजोबा. उन्हाळाभर बटाटा, फाफर (कुट्टू) आणि जंबू (फोडणीत घालायची पात) लावायला ते अजून वर येतात आणि थंडी पडायच्या आत उतरतात. आम्ही पोचलो तेव्हा पोती शिवत बसले होते. लहानपणी वडिलांबरोबर ते ग्यानिमाला गेले होते. आठवण काय, तर वारा, आणि वडिलांच्या मित्राच्या तंबूतला लोणी घातलेला खारट चहा. शौका व्यापाऱ्याचा तिबेटात एक ठरलेला मित्र असायचा. मैत्री जुळली की एक दगड फोडून दोघांनी अर्धा-अर्धा ठेवायचा. पुढे स्वतः जाणं झालं नाही तर नोकराबरोबर तो तुकडा पाठवायचा. दोन तुकडे जुळले की माल द्यायचा. पोरांनी तीच मैत्री पुढे चालवायची.

"आपके यहाँ का पत्थर कहाँ है?" मी विचारलं.

"पता नहीं," ते म्हणाले. "बासठ के बाद किसने ढूँढा. व्यापार गया, तो हमने पढ़ाई पकड़ी."

पढ़ाई पकड़ी. आणि ती खरोखर घट्ट पकडली. १९६७ मध्ये भोटिया समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तोवर ज्यांच्याकडे थोडं गाठीला होतं त्यांनी मुलं अल्मोड्याला, नैनितालला, लखनौला शिकायला धाडली होती. शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, फौजी, बँकवाले, जोहारमधून इतकी माणसं बाहेर पडली की मुनस्यारीत कुणाशीही दहा मिनिटं बोललं तर घरातला एकतरी साहेब निघतो. बुबूंचा एक मुलगा हल्द्वानीला, एक लखनौला. नैनसिंहांच्या गावाने त्यांची शाळा शंभर वर्षांनी अशी फळाला आणली. मला याचं अतोनात कौतुक वाटतं. वाट बंद झाली म्हणून रडत न बसता एका पिढीच्या आत एका समाजाने आपलं सगळं भांडवल मुलांच्या डोक्यात घातलं.

पण गाठीला होतं ते कुणाच्या? नफा शौका कुटुंबांचा होता. त्यांची मेंढरं हाकणारे अणवाल, त्यांचं लोहारकाम आणि शिवणकाम करणारी शिल्पकार, म्हणजे तिथल्या दलित कारागिरांची, कुटुंबं, खालच्या गावांतले ओझी वाहणारे, हे सगळे त्याच व्यापारावर जगत होते. ६२ साली त्यांचीही भाकरी गेली. पोरांना नैनितालला धाडायला त्यांच्याकडे मात्र काही नव्हतं. आज मिलमच्या वाटेवर खेचरं हाकणारा, सुरुंगाच्या कामावर दगड उचलणारा, आपल्यासारख्यांचा तंबू वाहणारा माणूस बहुतेक वेळा याच घरांतला असतो. बुबूंनीच हे मला सांगितलं, माझ्या मनात यायच्या आधी. "हमारे बच्चे तो निकल गए," ते म्हणाले, "जो हमारी भेड़ों के पीछे चलते थे, उनके देखो."

मार्तोलीत नंदादेवीचं मंदिर आहे आणि हवा स्वच्छ असेल तर ७,४३४ मीटरचं नंदादेवी पूर्व शिखर अगदी गावावर ओणवलेलं दिसतं. मिलमबद्दल थोडक्यातच सांगते. गाव प्रचंड आहे, घरं एकमेकांना लागून, दारांच्या चौकटींवर बारीक कोरीवकाम, आणि बहुतेकांची छपरं आत कोसळलेली. उन्हाळ्यात काही कुटुंबं येतात, सीमेवरचे जवान असतात, थंडीत गावकरी कुणी नाही. वर्षभर राहणारं मूलच नाही म्हटल्यावर इथे शाळेसाठी काही करण्यासारखं उरलेलं नाही हे उघड होतं. पैसे खालीच लागणार होते.

खाली आल्यावर आम्ही शिक्षकांना भेटलो. कुणाही ट्रेकरला माझा हाच सल्ला आहे की मुलांना भेटण्याआधी शिक्षकांना भेटा, आणि घाई न करता भेटा. एका शिक्षिकेने हजेरीपट काढून दाखवला. मे आणि जूनची पानं उघडली तर गैरहजेरीच्या खुणाच खुणा. कीडाजडीचा हंगाम. बर्फ वितळलं की वरच्या बुग्यालांत, म्हणजे गवताळ कुरणांत, जमिनीतून बोटभर काडी डोकं काढते. अळीच्या अंगातून उगवलेली बुरशी. चीनच्या बाजारात तिला प्रचंड भाव आहे. घरंच्या घरं वर जातात, तंबू ठोकतात, आणि पोटावर सरपटत ती काडी शोधतात. मुलांची नजर तीक्ष्ण आणि उंची कमी, म्हणून मुलं हवीतच. "आईबापांना मी काय सांगू?" बाई म्हणाल्या. "त्या दीड महिन्यात वर्षाचं मीठमिरची निघतं." त्यांनी जुलैत त्या मुलांसाठी सकाळी एक तास जादा घ्यायला सुरुवात केली आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, मुलं मागे पडतात ते बघवत नाही म्हणून.

त्यांनीच आम्हाला दुसरी गोष्ट दाखवली. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. डोंगरात तीन किलोमीटर म्हणजे दोन ओढे आणि एक दरड असू शकते, पण निदान कागदावर काही आहे. आठवीनंतर त्या कायद्यात काहीच नाही. तिथून पुढे इंटर कॉलेज, म्हणजे बारावीपर्यंतची शाळा, आणि ती बाजारगावात. मग वरच्या गावांतली कुटुंबं मुनस्यारीत एक खोली भाड्याने घेतात आणि मुलांना तिथे ठेवतात. आईबाप गावी. खोलीत फक्त मुलं.

अशा एका खोलीत आम्ही गेलो. बाजाराच्या खालच्या अंगाला, पत्र्याचं छप्पर, नळ बाहेर. अकरावीतली मुलगी, तिचा नववीतला भाऊ आणि सहावीतली चुलतबहीण. बाप मिलमच्या वाटेवर खेचरं हाकतो, कदाचित आमच्या बाजूने तो गेलाही असेल. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, त्याखाली खिळ्याला तीन गणवेश, कोपऱ्यात एका शेगडीचा गॅस. पातेल्यात राजमा भिजत घातला होता, मुनस्यारीचा पांढरट राजमा. खिडकीच्या फटीत जुन्या वह्यांची पानं घड्या करून ठोसली होती, वारा अडवायला. तिने हिशेबाची वही दाखवली. गॅस, आलू, माचिस, कॉपी, भाईची चप्पल. प्रत्येक ओळीपुढे आकडा, महिन्याच्या शेवटी बेरीज, बेरजेखाली रेघ. वय सोळा. पहाटे उठून पाणी भरते, तिघांचा डबा करते, शाळेला जाते, आली की पुन्हा चूल, मग धाकटीचा अभ्यास, आणि रात्री साडेनऊला स्वतःचं पुस्तक उघडते. विज्ञान घेतलंय. भाऊ मात्र शाळेतून आला की क्रिकेटला जाऊ शकतो, हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण सांगितलं.

बरोबरच्या मैत्रिणीने तिला विचारलं, मदत झालीच तर कशाची व्हावी? आम्हाला वाटलं होतं पुस्तकं म्हणेल, फोन म्हणेल. ती जरा थांबली आणि म्हणाली, "शाम का खाना कोई बना दे. तो मैं पढ़ लूँ."

पुण्यातल्या कुठल्या यादीत हे आलं असतं? स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार. फोटो निघणार नाही, पावतीवर लिहायला बरं दिसणार नाही. आणि त्या एका वाक्यात मुलगी बारावी होते की नाही याचं सगळं गणित होतं. तिथे मुली नापास होऊन शाळा सोडत नाहीत. त्या घर चालवता चालवता हळूहळू मागे पडतात आणि मग कुणीतरी म्हणतं, हिचं डोकं अभ्यासात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही शिक्षिका, खोल्या भाड्याने देणारी एक दीदी आणि दोन पालक असे एकत्र बसलो आणि ठरवलं. एकाच आळीत जवळजवळ असलेल्या अशा काही खोल्यांसाठी मिळून संध्याकाळचं जेवण एकीकडे शिजेल. शिजवायला गावातलीच एक बाई, शिल्पकार समाजातली, महिन्याच्या पगारावर. कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न निघाला. शिक्षिकेने तो तिथल्या तिथे मिटवला, ज्यांना चालत नसेल त्यांनी आपलं आपण शिजवावं म्हणाल्या. कुणी उठून गेलं नाही. उरलेल्या पैशांतून ज्यांचं भाडं थकतं त्यांचं भाडं, आणि जुलैतल्या जादा तासाला येणाऱ्या मुलांना सकाळचा चहा-नाश्ता. हिशेब शिक्षिका आणि दीदी ठेवणार, आम्ही दर तीन महिन्यांनी बघणार. मुलांची नावं आणि फोटो देणगीदारांना पाठवायचे नाहीत हे मी आधीच सांगून टाकलं. सोळा वर्षांच्या मुलीने तिचं घर आम्हाला दाखवलं ते विश्वासाने. ते चारशे जणांच्या ग्रुपवर फिरवण्यासाठी नव्हे. दोन जणांनी कबूल केलेले पैसे यावरून मागे घेतले. आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि किलोमीटरचे दहाचे वीस केले.

वाटेवर पोरं दिसली की पेन्सिली आणि चॉकलेटं वाटणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगावंसं वाटतं, हे थांबवा. त्या चॉकलेटांमुळे पोरं शाळेच्या वेळेला वाटेवर येऊन उभी राहतात. त्याऐवजी तुमच्या खेचरवाल्याला विचारा, तुझी मुलं कुठे शिकतात, कुणाबरोबर राहतात. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. मुलांच्या शिक्षणाला सगळ्यात मोठी मदत बापाची पूर्ण मजुरी हीच आहे, आणि ती देणं प्रत्येक ट्रेकरच्या हातात आहे.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब आला आहे. गॅसचा खर्च धरलेल्यापेक्षा जास्त, हिवाळ्यात सिलिंडर लवकर संपतात. भाज्या कमी, डाळ जास्त. दोन मुलगे जेवणाला येईनासे झाले होते, भांडी घासायची पाळी आली म्हणून. दीदीने त्यांना घरी जाऊन आणलं आणि पाळी कायम ठेवली. ती मुलगी बारावीत गेली आहे, धाकटी गणितात अडते आहे. एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना आळीतली आणखी एक खोली रिकामी होते आहे आणि वरच्या गावातल्या दोन अणवालांच्या मुली नववीसाठी यायच्या आहेत. दीदी ती खोली मार्चअखेरपर्यंतच धरून ठेवू शकते. तेवढ्यात भाड्याचे आणि दोघींच्या जेवणाचे पैसे पोचवायचे आहेत, म्हणून या वर्षी आम्ही मे महिन्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच सह्याद्रीत चालणार आहोत, माळशेजवरून नाणेघाट, त्याच किलोमीटरच्या हिशेबाने.